लाल लोकरीचा गळ

नाव मिळालं आणि पोर गप्प झालं.

जन्मल्यापासून त्याने नुसता टाहो फोडला होता. प्यायचं नाही, झोपायचं नाही, रडून रडून काळंनिळं व्हायचं. वस्तीतल्या बायका म्हणत होत्या, त्याला नाव हवंय. मेलेल्याचं नाव नव्या जिवाला दिलं की मेलेला घरी परत येतो आणि पोर शांत होतं, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नाव कुणाचं हवंय, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते पोराला दिलं जाईपर्यंत तोंडातून काढायचं नसतं, म्हणून सगळे एकमेकांकडे बघायचे आणि कॉफी प्यायचे.

पोराची आई बेबियान मात्र हटून बसली होती. "माझा नवरा मेलेला नाही. नाव देणार नाही म्हणजे नाही."

तिचा नवरा एनोक पोर जन्मायच्या थोडे दिवस आधी कुत्र्यांसाठी कॉड मासे धरायला गोठलेल्या समुद्रावर गेला होता. दक्षिणेकडच्या लोकांचा तो मोठा, विकायचा कॉड नव्हे. हा वीतभर लांबीचा, बर्फाच्या पोटाशी लपून राहणारा. सील त्याच्यावर जगतात, कुत्री जगतात, आणि हिवाळा वाईट गेला तर माणसंही निमूटपणे जगतात. एरवी त्याला कुणी ताटात मान देत नाही. तर हा एनोक बर्फाच्या भेगेपाशी गळ हलवत बसलेला असताना जमिनीकडून वारा सुटला. पायाखालची जमीन सरकली असं आपण उगाच म्हणतो. एनोकच्या पायाखालचा बर्फ खरोखरच सरकला आणि त्याला घेऊन समुद्रात गेला. माणसांनी होड्या काढल्या, शोध शोध शोधलं, मग धुकं आलं. धुकं उठेपर्यंत आशाही उठून गेली होती.

शेवटी एनोकच्या आईने, इनालुकने, मनावर दगड ठेवला. एक गेला तो गेला, आता हे दुसरंही हातचं घालवायचं का? सुनेचा डोळा लागलेला बघून तिने पोराला उचललं, बोट पाण्यात बुडवून त्याच्या ओठांना लावलं आणि कानात सांगितलं, "एनोक."

पोराने एक उचकी दिली. मग ते गप्प झालं, आणि आईच्या कुशीत ठेवताच घटाघटा प्यायला लागलं.

बेबियानने डोळे उघडले, पोराकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं.

"मारलंस ना त्याला?" ती म्हणाली.

खरं तर मनातून इनालुकलाही वाटत होतं, पोराने रडतच राहावं, थोबाडीत मारल्यासारखं रडून सांगावं की म्हातारे, तू चुकलीस. पण ते कसं शांतपणे पीत होतं! म्हणजे गेलाच तो.

इतक्यात पोराचं रडणं थांबलेलं ऐकून, नाव दिलं गेलं हे ओळखून शेजारचा तोबियास नामकरणाच्या जेवणासाठी ताजा सील ओढत घेऊन आला. दुःखाच्या घरी कसं बोलावं हे त्याला कधीच जमलं नाही.

"घे इनालुक, तुझ्या नव्या मुलासाठी. आणि चरबी कमी आहे म्हणून तोंड वाकडं करू नकोस."

तिने अर्धगोल सुरी घेतली. हाताला काम हवंच होतं. कातडी सोडवली, काळीज काढलं, जठर चिरलं. आतून कॉड बाहेर सांडले. बरेचसे विरघळून लिबलिबीत झालेले, पण वरचा एक अगदी कोरा. खवले जागच्या जागी, डोळे चकचकीत. आणि त्याच्या तोंडातून लाल लोकरीचा झुपका बाहेर आला होता.

इनालुकने तो ओढला. मागून वॉलरसच्या दातात वाकवलेला खिळा बसवलेला गळ निघाला. झुपक्याला उलटी गाठ होती. वस्तीत डावरी बाई एकच, इनालुक, आणि एनोकच्या गळाची ती गाठ तिने स्वतःच्या हाताने मारली होती.

ती म्हणाली, "तोबियास, हा कुठे मारलास?"

"रुतलेल्या हिमनगापलीकडे. आत्ताच, सकाळी. का गं? आता सीललाही नावं ठेवणार?"

"मासा बघ."

त्याने पाहिलं. गळ पाहिला.

"पोटात मासा असा किती वेळ टिकतो?" तिने विचारलं.

"चहा उकळून पिऊन होतो ना, तेवढा." त्याने मासा बोटाने दाबून पाहिला. "म्हणजे आज सकाळी तो..."

"गळ हरवायची त्याची खोड! लहानपणापासून ओरडतेय मी. जित्याची खोड आहे रे ही, जित्याची! उभा काय राहिलास? पळ!"

सगळी वस्ती धावली. घसरगाडीवर होडी चढवून माणसं बर्फाच्या काठाकडे गेली आणि घरात दोघीच उरल्या.

आता खरी धास्ती सुरू झाली. जिवंत माणसाचं नाव आपण काढून दुसऱ्याला दिलं! असं कधी कुणी केल्याचं ऐकलं नव्हतं. तिकडे तो नावाशिवाय बर्फावर कसा तग धरणार? इनालुक पोराकडे बघत बसली. ते तृप्त झोपलं होतं. ती त्याचा एकेक शांत श्वास मोजत होती.

"रड ना रे," ती पुटपुटली. "बाळा, रड."

त्या एका वाक्यानंतर बेबियान सासूशी बोलली नव्हती. आता तीही उठली, शेजारी येऊन बसली, आणि दोघी मिळून त्या झोपलेल्या तोंडाकडे बघत राहिल्या.

दिवस कलला. अचानक पोराने अंग ताठ केलं, तोंड लाल केलं आणि असा काही टाहो फोडला की चुलीवरचं झाकण खाली पडलं असं वाटून दोघी दचकल्या. झाकण जागेवरच होतं. बेबियानचा हात सवयीने पुढे गेला. इनालुकने तो धरला.

"थांब. रडू दे."

मग बाहेर कुत्री भुंकली.

दार उघडलं. तोबियास आणि आणखी एकजण मधे कुणाला तरी धरून आणत होते. दाढीत बर्फ, गाल खपाटीला गेलेले, ओठ फुटलेले. बेबियान किंचाळली आणि त्याच्या गळ्यात पडली. तिच्या खांद्यावरून एनोकने आईकडे पाहिलं.

"आई, रागावू नकोस," तो खरखरत्या आवाजात म्हणाला. "शेवटचा गळ पण गेला. सीलने माशासकट नेला. मग मी आडवाच झालो."

इनालुकला खूप काही बोलायचं होतं. नावाबद्दल सांगायचं होतं, माफी मागायची होती. सकाळपासून आवळलेली मूठ तिने त्याच्यापुढे उघडली. गळ तळव्यात रुतला होता आणि लोकर ओली झाली होती.

एनोक त्या गळाकडे बघतच राहिला. मागे पोर बेंबीच्या देठापासून रडत होतं, आणि त्याला गप्प करायला घरातलं कुणीही उठलं नाही.