मुनीमजींचा श्री

जालन्याच्या नव्या मोंढ्यातल्या बियाण्याच्या पेढीत कॉम्प्युटर आला आणि कन्हैयालाल मुनीमजींची झोप उडाली. शहाण्णव साल ते. उन्हाळा संपत आलेला, बियाण्यासाठी शेतकऱ्यांची रीघ लागायची वेळ. पेढीचे मालक रामनिवास शेठ मुनीमजींच्या अंगाखांद्यावर खेळून मोठे झालेले. पण धंद्यात माया आड येऊ द्यायची नाही, हेही त्यांच्याकडूनच शिकलेले. त्यांनी सरळ सांगितलं, "काकाजी, यंदा बिलं मशीनवरच. जमलं तर बराबर, न्हाईतर घरी आराम करा." आराम! बायको गेल्यापासून त्या घरात मुनीमजींना चहा घेतला का म्हणून विचारणारंही कुणी नव्हतं. पेढी सुटली की माणूस संपला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मशीन सांभाळायला हसनाबादची कौसल्या होती. तोंडानं फटकळ, पण मुनीमजींवर तिचा भारी जीव. त्यांची अडचण तिनं बरोबर हेरली. कोऱ्या पानावर आधी श्री लिहिल्याशिवाय म्हाताऱ्याचा हातच चालत नसे. मग तिनं त्यांच्या नावाच्या प्रोफाइल फाइलीत तशी सोय केली. मुनीमजींनी नाव आणि पासवर्ड दिला, की फुल्याफुल्यांनी काढलेला मोठा श्री यायचा, मागोमाग बिल उघडायचं. मुनीमजी हात जोडायचे आणि कामाला लागायचे.

"पोरी, तुझं मशीन वळणाचं हाये," असं म्हणायचे.

शेठ स्वतः बघायला मागं उभे राहिले, त्याच दिवशी नेमकी माशी शिंकली. पिंपळगाव रेणुकाईचा कडूबा दारात टेंपो लावून खोळंबला होता. घाईत मुनीमजींचं बोट भलत्याच कळीवर पडलं. बिल गेलं, आणि काळ्या पडद्यावर नुसतं डॉलरचं चिन्ह उरलं. मशीननं बिलाच्या आतूनच नवा शेल उघडला होता. शेल म्हणजे मशीनला हुकूम द्यायची जागा. प्रोफाइल फाइल वाचली जाते ती फक्त लॉगिन करताना. ह्या नव्या शेलनं ती वाचलीच नव्हती.

मुनीमजींना दिसलं ते कोरं पान. कोऱ्या पानावर जन्मभर जे केलं तेच त्यांनी केलं. एकेक अक्षर शोधत इंग्रजी अक्षरांत श्री लिहिला आणि एंटर दाबलं. उत्तर आलं: श्री, नॉट फाउंड.

शेठनी ते मोठ्यानं वाचलं. "काकाजी, मशीन म्हणून राह्यलं, श्री सापडत न्हाई!"

कडूबा हसला, हमाल हसले. मुनीमजी मान खाली घालून बसले.

"जेवणानंतर एकदा बघू," शेठ म्हणाले. "न्हाई जमलं तर मंग..." पुढचं त्यांच्याच्यानंही बोलवेना.

कडूबाचं बिल कौसल्यानं काढून दिलं, पण तिच्या जिवाची आग झाली होती. चूक तिची, आणि हसं झालं म्हाताऱ्याचं. शेलची आणखी एक फाइल असते, नवा शेल उघडला की दरवेळी वाचली जाणारी. त्या फाइलीत तिनं अक्षरही लिहिलं नव्हतं. आता तिनं प्रोफाइलमध्ये त्या फाइलीचा पत्ता दिला आणि फाइलीत एक नवा हुकूम बसवला. हुकमाचं नाव ठेवलं श्री. तो दिला की फुल्यांचा श्री दाखवायचा आणि सोडलेल्या बिलावर परत न्यायचं. मुनीमजींची सवय मोडण्यापेक्षा मशीनला वळण लावणं सोपं, असा तिचा साधा हिशेब.

दुपारी पुन्हा तीच गत. मागं शेठ, पुढं धावडा गावचं गिऱ्हाईक, बोट चुकलं आणि डॉलर आला. मुनीमजींनी हात मांडीवर घेतले.

"लिहा ना, मुनीमजी," कौसल्या म्हणाली.

"न्हाई पोरी. पुन्हा न्हाईच म्हणंल ते."

"तुम्ही लिहा तर. मी हाये ना."

त्यांनी लिहिला. पडदा भरून श्री आला, आणि त्याच्यामागं धावड्याचं बिल, सोडलं होतं त्याच ओळीवर. मुनीमजींना अक्षरं दिसेनात. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून त्यांनी बिल पुरं केलं.

शेठ आपल्या खोलीतल्या मशीनवर जाऊन बसले. थोड्या वेळानं आतून हाक आली, "कौसल्या! माझं मशीन श्री बिलकुल ओळखत न्हाई."

"तो हुकूम मुनीमजींच्या नावावर हाये, शेठ. पाहिजे तर त्यांना विचारा."

शेठ बाहेर आले. मुनीमजींच्या खुर्चीपाशी येऊन जरा घुटमळले.

"काकाजी, मला पण शिकवा. आज गर्दी हाये. उद्या जल्दी या."

"उद्या?" मुनीमजींनी विचारलं.

"हां," शेठ म्हणाले. "आणि परवा पण."