पातळ पाकीट

श्यामसुंदरच्या भोजनालयात शिरताना अंबादास गल्ल्यापाशी थांबले आणि खिसे रिकामे करू लागले. बिड्या, काडेपेटी, सायकलची किल्ली, चष्म्याचं डबडं. श्यामसुंदरने न विचारताच स्टीलची वाटी पुढे सरकवली. दारूगोळ्याच्या कारखान्यात, रोज दारावर झडती होणाऱ्या भरणीच्या खात्यात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला दारात खिसे झाडल्याशिवाय कुठेच आत जाता येत नाही, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं.

"सब जमा हो गया, अंबादास जी? बेफिकर जाइए, यहाँ दाल के सिवा कुछ नहीं उबलता."

सोबत आलेली त्यांची मुलगी हेमलता हसली. पण तिने पाहिलं, बाबांनी शर्टाचा खिसा काही रिकामा केला नाही. त्यावर हात ठेवून ते तसेच आत गेले.

आई मावशीकडे नागपूरला गेली होती, म्हणून आज बाहेर जेवण. ते ठीक. पण त्यासाठी बाबांनी बुधवारी अर्धी रजा टाकावी? अशी रजा त्यांनी आजवर एकदाच घेतली होती, हेमलता जन्मली त्या दिवशी. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीला एवढी विसंगती खटकायला पुरे होती.

"बाबा, लवकर जेवू. एक वाजता पोस्टमन येतो."

पुण्याच्या प्रयोगशाळेत संशोधनासाठी मुलाखत देऊन पाच आठवडे झाले होते. रोज दुपारी ती फाटकापाशी उभी असायची.

"घाई काहून करून राहिली? दारातून टाकून जाईल तो."

घाई काहून, हे बाबांनी विचारावं! कारखान्यात जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यात जाताना झडती, येताना झडती. उरलेल्या वेळात जेवायची सवय लागलेले बाबा घरीसुद्धा अकरा मिनिटांत ताट रिकामं करत. तिने घड्याळ लावून मोजलं होतं. आज पंचवीस मिनिटं झाली तरी ते दुसऱ्याच पोळीवर होते, आणि तिच्या ताटात वांग्याची भाजी वाढायला लावत होते.

"पनागरच्या शाळेत सायन्सची जागा निघून राहिली म्हणे," ते भाताकडे बघत म्हणाले. "आमच्या खात्यातला चंद्रशेखर सांगत होता."

"मी कधी म्हटलं, मला शाळेत शिकवायचंय?"

"नाही, सांगून राहिलो फक्त. सीधी बस आहे. संध्याकाळी घरी."

मग खव्याची जिलेबी आली, काळसर, वाफाळती. सणावारालाही बाबा बाहेरचं गोड घेत नसत.

"खाऊन घे आधी."

"आधी म्हणजे? नंतर काय आहे?"

बाबांनी बोटं रुमालाला पुसली, दोनदा. मग शर्टाच्या खिशातून घामाने ओलसर झालेलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. पुण्याचा शिक्का होता.

"काल संध्याकाळी पोस्टात आलं. मीच जाऊन घेतलं. उघडलं नाही, बेटा. पण पातळ आहे."

"मग?"

"आमच्याकडे माणूस घेतला की सोबत फॉर्म येतात. मेडिकलचा, क्वार्टरचा. जाड पाकीट असते. नाही म्हणायला एकच कागद पुरतो." त्यांनी जिलेबीची प्लेट तिच्याकडे सरकवली. "म्हटलं, उपाशी पोटी नको वाचायला."

पाकीट फाडून तिने पत्र वाचलं. कुठलंही मोजमाप दोनदा घ्यायची शिस्त होती, म्हणून पुन्हा वाचलं.

"सोळा जुलैला हजर व्हायचं," ती म्हणाली. "फॉर्म तिथेच भरून घेतात."

"म्हणजे घेतलं?"

"घेतलं, बाबा."

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. सवयीने बाबा अर्धवट उठले, आणि परत बसले.

"कालपासून छातीशी धरून हिंडून राहिलो मी याले!"

"आणि पनागर?"

"चुलीत गेलं पनागर!" बाबा इतक्या जोरात हसले की श्यामसुंदरने गल्ल्यावरून मान उंचावली. "भैया, एक प्लेट और! ये तो ठंडी हो गई."

दुसरी प्लेट त्यांनी सावकाश संपवली. निघताना वाटीतल्या वस्तू एकेक करून खिशात गेल्या. मग त्यांनी तिच्यापुढे हात केला.

"ते पत्र दे. उद्या नेतो."

"खात्यात कागद कुठे नेऊ देतात?"

"आत कशाला?" शर्टाचा खिसा थोपटत बाबा म्हणाले. "गेटावर काढून ठेवीन ना. झडतीला सगळेच थांबतात तिथं, वाचतील."