महूला जाणारी गाडी

आजची तपासणी नीट पार पडली, तर मंजुषाच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: कायमची दिवसपाळी, रविवारची सुट्टी आणि नव्या मुलींना शिकवायचा मान. तिसरी तिला सगळ्यात जास्त हवी होती, म्हणून ती फक्त पहिल्या दोन गोष्टींबद्दल बोलायची.

तिची होमकेअर एजन्सी हल्ली ‘आधी माणूस, मग आजार’ म्हणू लागली होती. ते बघायला सुपरवायझर प्राची आठच्या आतच छत्रीबागेत, पेशंटच्या घरी हजर झाली. पुण्याहून नवीनच आलेली, हातात टॅब. टॅबमध्ये एक रकाना पेशंटच्या आवडीचा आणि एक आंघोळीच्या वेळेचा: आठ.

पेशंट नाना. रेल्वेच्या महू-खंडवा लाइनीवर तीस वर्षं गार्ड. अर्धांगवायू झाल्यापासून आंघोळीचं नाव काढलं की अंगावर धावून जात; दोन अटेंडंट त्यापायी पळाल्या होत्या. मंजुषाने महिनाभर त्यांच्या ड्यूटीच्या गोष्टी ऐकल्या आणि बाथरूमला महू करून टाकलं. शिट्टी नाना वाजवणार, हिरवी झंडी नाना दाखवणार, मगच ती चाकांची खुर्ची ढकलणार. झंडी तिच्याच पेटीतल्या ब्लाउजपीसची होती. भाचीच्या लग्नासाठी जपलेलं, चांगलं जरीकाठी.

पण आज तिचं लक्ष टॅबवर. आठ वाजले आणि तिने झंडीची वाट न बघता खुर्ची ढकलली. नानांनी डाव्या हाताने दाराची चौकट पकडली.

“ड्रायव्हर, गाडी कोणी सोडली?”

“माझ्याकडून गलती झाली, नाना.”

“गलती नाही, ॲक्सिडेंट. रिपोर्ट लिहावी लागेल. बॅक घे.”

नानांची सून सुहासिनी मागून डोळ्यांनी खुणावत होती, ढकल म्हणून. प्राचीनेही हळूच सुचवलं, “ताई, आजच्या दिवस साध्या पद्धतीने उरकून टाका ना. मला वेळ भरायची आहे.”

मंजुषाच्या तिन्ही गोष्टी हाताच्या अंतरावर होत्या. तिने खुर्ची मागे घेतली, थेट पलंगापर्यंत.

“मॅडमजी, गार्डाशिवाय गाडी नाही सुटत. तुम्हीपण पॅसेंजर, बसून घ्या.”

प्राची पलंगावर बसली. नानांनी जुन्या डायरीत डाव्या हाताने रिपोर्ट लिहायला घेतली. अर्धा तास गेला. शेवटी त्यांनी डायरी मिटली आणि जाहीर केलं की इंजन फेल आहे, गाडी इथेच उभी राहील.

“मग महूला कसं जायचं?” मंजुषाने विचारलं.

“कसं म्हणजे? पैदल.”

आणि नाना उठले. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मंजुषाने झटकन कमरेला हात घातला. उजवा पाय फरशीवर घासत होता, डाव्या हातात झंडी, तोंडात शिट्टी. एक पाऊल, दोन, चार. सुहासिनी चहा गॅसवर विसरली. प्राची टॅब टाकून मोबाइलवर व्हिडिओ काढू लागली आणि मोठ्याने पावलं मोजू लागली. अकराव्या पावलाला बाथरूमचा उंबरा आला.

“चलो भिया, महू,” नाना म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने नळ सोडला.

टॅबवर वेळ पडली आठ सत्तेचाळीस, लाल अक्षरांत. उशिराचं कारण लिहायला त्यात जागाच नव्हती. प्राचीने खरोखर शोधली.

पुढच्या महिन्यात नव्या मुलींना तोच व्हिडिओ दाखवला गेला. शिकवायला दुसरीच होती, जिच्या पेशंटच्या आंघोळी आठला होत. व्हिडिओत नाना पूर्ण दिसतात, मंजुषाचं फक्त कोपर.

तेव्हा जमेला बघाल तर नानांना पाय मिळाले, सुहासिनीला मोकळी सकाळ, एजन्सीला व्हिडिओ. खर्ची पडले ते मंजुषाचे रविवार आणि एक ब्लाउजपीस. ते ती दर शनिवारी धुऊन, इस्त्री करून नानांच्या उशाशी ठेवते.