नदी गिळणाऱ्याची तहान

मी राक्षसाचा एक जुना मुखवटा आहे आणि मला मुलं फारशी आवडत नाहीत. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो. एरवी पहिल्या रांगेत बसून तुम्ही मला वाकुल्या दाखवल्यात, फळांच्या साली फेकून मारल्यात आणि मी मेलो की उड्या मारत टाळ्या वाजवल्यात. ते मी विसरलेलो नाही. तरीही ही हकीकत तुम्हालाच सांगायला हवी, कारण मोठ्यांना ती ठाऊक आहे आणि त्यांनी ती आपल्या सोयीने विसरून टाकली आहे.

मला एका मुखवटेकाराने बनवलं. मातीच्या साच्यावर कागदाचा लगदा, त्यावर खळीत भिजवलेल्या जुन्या चादरींच्या चिंध्या, पुन्हा लगदा, पुन्हा चिंध्या. शिंगं हलक्या लाकडाची. तोंड त्याने मुद्दाम मोठं उघडं ठेवलं, आतल्या माणसाचा आवाज दबू नये म्हणून. नाकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी त्याचं हाडवैर होतं. त्या शेजाऱ्याचं चपटं, नाकपुड्या फेंदारलेलं नाक त्याने जसंच्या तसं माझ्या तोंडावर बसवलं आणि मनातल्या मनात सूड उगवून घेतला. शेजारी खेळाला आला, पोट धरून हसला, पण त्याने काही स्वतःला ओळखलं नाही. पुढे दुसऱ्या कारागिरांनी माझी नक्कल केली. आता तर जाणकार लोक म्हणतात की राक्षसाचं नाक पूर्वापार असंच असतं. म्हणोत बापडे.

आमच्या खेळाची कथा खरंच फार जुनी होती. डोंगराआडचा एक राक्षस नदी गिळून बसतो. गावंच्या गावं सुकतात. मग एक वीर येतो, राक्षसाला मारतो आणि नदी मोकळी होते. ज्या जुन्या काव्यावरून हा खेळ बसवला होता, त्यात राक्षसाच्या मरणाला कवीने तीन शब्द दिले आहेत: तो खाली कोसळला. वीराच्या घोड्याचं वर्णन त्याच काव्यात दोन पानं चालतं.

मला चढवणाऱ्या नटाला सगळे नगारा म्हणत. आवाजच तसा होता. त्याला खरं तर वीर व्हायचं होतं, पण उंची बेताची. नाटक मंडळीच्या मालकांनी पहिल्याच दिवशी त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि राक्षसाचे कपडे त्याच्या अंगावर टाकले. तो सल त्याच्या मनातून कधी गेला नाही. मला चढवताना शिवी, उतरवताना शिवी, मध्ये घामाने चिंब झालेली त्याची दाढी माझ्या आतल्या अस्तरावर घासत राहायची. आमच्यात प्रेम वगैरे काही नव्हतं. पण त्या सलानेच त्याच्या आवाजाला धार आली होती, हे कबूल करावं लागेल.

नगाऱ्याची बायको मंडळीचे कपडे शिवायची आणि खेळ चालू असताना विंगेतून पडदे ओढायची. नदी म्हणजे एक लांबलचक निळं कापड होतं. ते डोंगराच्या पडद्यामागे गुंडाळून ठेवलेलं असे. वीराने तलवार मारली की बाईने दोरी ओढायची, कापड उलगडत रंगमंचभर पसरायचं आणि तुम्ही मुलांनी आरडाओरडा करायचा.

एका खेळाला ते कापड खिळ्याला अडकलं. वीर तलवार उगारून उभा. विंगेतून बाईने हाताने खूण केली: थांबा, वेळ काढा. वीराला पाठ केलेल्यापलीकडे एक शब्द बोलता येत नसे. तो तसाच पुतळ्यासारखा उभा राहिला. आणि तेव्हा नगारा बोलायला लागला. गुडघे टेकून, आवाज एकदम खाली आणून. इतक्या वर्षांत माझ्या तोंडातून तसा आवाज कधी निघाला नव्हता.

"मी जन्मलो तो तहान घेऊनच जन्मलो," तो म्हणाला. "तुमच्या दारोदार हिंडलो. माझं तोंड बघून तुम्ही दारं लावून घेतलीत. मला कुणी ओंजळभर पाणी दिलं असतं, तर मी नदी गिळली नसती."

कापड सुटलं, बाईने खुणेचा हात हलवला, तरी वीर तलवार मारायचंच विसरला. शेवटी नगाऱ्यानेच दबक्या आवाजात त्याला शिवी हासडली, तेव्हा कुठे मी मेलो. त्या दिवशी टाळ्या पडल्या नाहीत. लोक डोळे पुसत उठले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी फर्मान काढलं की हे भाषण रोज व्हायला हवं. हळूहळू दुसऱ्या मंडळींनीही ते उचललं. कुणी विचारलं, की हे काव्यात नाही, मग आलं कुठून, तर नगारा म्हणायचा, की काव्यात नसेल, पण तोंडी चालत आलेलं आहे, माझ्या गुरूंनी मला कानात सांगितलं. सुरुवातीला हे नुसतं बोलायचं म्हणून होतं. आपण रचलं असं म्हटलं तर लोक नाकं मुरडतील, पूर्वजांचं म्हटलं तर मान झुकवतील, एवढा साधा हिशोब. पण माणूस एखादी थाप वारंवार ऐकवतो, तेव्हा ऐकणाऱ्यांत तो स्वतःही असतो. म्हातारपणी नगारा तरुण नटांना शिकवायला लागला तोवर त्याचा त्या थापेवर पक्का विश्वास बसला होता. कुणी खेळातला एक शब्द इकडचा तिकडे केला तर तो हातातली वस्तू भिरकावायचा. जुनं ते जसंच्या तसं राहिलं पाहिजे, हे त्याचं पालुपद झालं.

त्याला एक मुलगी होती. अंगाने इतकी किडकिडीत की सगळे तिला काडी म्हणत. ती विंगेत, आईच्या पायाशी बसून लहानाची मोठी झाली. वीराकडे ती बघायचीही नाही. तिची नजर माझ्यावर. भाषण सुरू झालं की तिचे ओठ हलायचे. तिच्या त्या टक लावून बघण्याचा मला वैताग यायचा.

मोठी झाल्यावर काडी छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली आणि उरलेल्या वेळात लिहायला. तिने एक अद्भुत कादंबरी लिहिली. तिच्यात उडती शहरं होती, बोलणारे डोंगर होते, नद्यांना गुरांसारखं दावणीला बांधणारे सरदार होते. आणि नदी गिळणारी होती एक मुलगी. कुरूप म्हणून हाकलून दिलेली, तहानलेली. शेवटी ती मुलगी मरत नाही. ती वीरासमोर उभी राहते आणि नगाऱ्याचं ते भाषण करते, फक्त 'जन्मलो'च्या जागी 'जन्मले' म्हणते. मुखपृष्ठावर त्या मुलीचं चित्र होतं. नाक माझं. म्हणजे त्या शेजाऱ्याचं.

पुस्तक छापून आलं तशी ती ते घेऊन घरी आली आणि तिने ते बाबांच्या हातात ठेवलं. मी समोरच्या भिंतीवर टांगलेला होतो. नगारा वाचत गेला तसतसा त्याचा चेहरा काळवंडत गेला. शेवटच्या पानाशी आला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने पुस्तक दाराबाहेर फेकलं. म्हणाला, पूर्वजांचे शब्द तू कुठल्या तरी पोरीच्या तोंडी घातलेस, जुन्या कथेची चिरफाड केलीस, आणि वर त्यावर लेखिका म्हणून स्वतःचं नाव छापलंस. काडीने पुस्तक उचललं, त्यावरची धूळ झटकली आणि निघून गेली. तिला वाटलं असेल, राग निवळेल. तिचे बाबा तिला माझ्याइतके जवळून माहीत नव्हते.

राग निवळला नाही. शहरातल्या शाळांच्या ग्रंथालयांसाठी पुस्तकं निवडणारी एक समिती होती. तिने काडीची कादंबरी निवडल्याचं कळताच नगाऱ्याने हरकत घेतली. मुलांना जुनी कथा मोडूनतोडून देऊ नका, म्हणाला. त्याच्या शब्दाला वजन होतं. समितीने दोघांना बोलावलं. नगारा मला पिशवीत घालून घेऊन गेला, पुरावा म्हणून. पिशवी धरायला बायको बरोबर होती.

सभागृहाबाहेरच्या बाकावर काडी आधीच येऊन बसली होती. ती उठून उभी राहिली.

"बाबा, आत जाण्याआधी एकदाच विचारते," ती म्हणाली. "ते भाषण कुणाचं?"

"माझ्या गुरूंचं."

"मी विंगेत होते त्या दिवशी."

"तेव्हा तू एवढीशी होतीस. काय आठवणार तुला?"

"सगळं आठवतं. तुमचं आहे ते. तुम्ही आत तसं सांगा, मी पुस्तकाच्या पहिल्या पानावर तुमचं नाव घालते."

त्याला हवं ते सगळं त्या एका वाक्यात होतं. आयुष्यभर ज्याला कुणी वीर केलं नाही, त्याला त्याची मुलगी कवी म्हणत होती. मी पिशवीच्या तोंडातून त्याच्याकडे बघत होतो. क्षणभर त्याचा चेहरा सैल पडला. मग त्याने मान फिरवली.

"मला तुझ्या पुस्तकातली भीक नको," तो मुलीकडे न बघता म्हणाला आणि आत शिरला. काय नाकारलं ते त्याचं त्यालाही कळलं नसावं.

समितीच्या प्रमुख एक ग्रंथपाल बाई होत्या. त्यांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. काव्यात हे भाषण नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, पण तोंडी परंपरेचं काय, ते कुठल्या पानावर सापडणार? काडी म्हणाली, की जुन्या कथेत प्रत्येक सांगणाऱ्याने आपलं काही ना काही घातलंच आहे, म्हणून ती आपल्यापर्यंत जिवंत पोचली. माझ्या बाबांनी हे भाषण घातलं. मी त्यातून मुलगी काढली. आमची दोघांची रीत एकच आहे.

नगारा हसला. तो हसू लागला की माझ्या अस्तरावरसुद्धा काटा येतो.

"माझी मुलगी गोष्टी रचते," तो म्हणाला. "तो तिचा धंदाच आहे. ही आणखी एक."

समितीतले दोघेतिघे हसले. काडीचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. मला त्या क्षणी बोलता आलं असतं तर! माझ्याच तोंडातून निघालेले शब्द होते ते. पण आत माणूस नसला की मुखवट्याचं तोंड नुसतं उघडं असतं.

मागच्या खुर्चीवरून नगाऱ्याची बायको उठली.

"पडदा मी ओढत होते," ती म्हणाली.

"तू बस खाली," नगारा म्हणाला.

"बसते. आधी हे ऐका." तिने ग्रंथपाल बाईंकडे तोंड केलं. "कापड खिळ्याला अडकलं होतं. सोडवताना माझं बोट फाटलं. मी सोडवेपर्यंत हे बोलत राहिले. घरी आल्यावर विचारलं, हे आणलंत कुठून? तर म्हणाले, आणलं कुठून म्हणजे? सुचलं. त्या दिवशी मला यांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पुन्हा कधी वाटला नाही. आज तर नाहीच."

नगाऱ्याने मला उचलून काखेत मारलं आणि तो चालता झाला. कादंबरी शाळांत गेली.

त्यानंतरच्या पहिल्याच खेळाला नाट्यगृह भरलं होतं. तरुण नटांनी सुचवून पाहिलं, की तुम्ही आता दमता, राक्षस आम्ही करतो. नगाऱ्याने ऐकलं नाही. भाषणाची जागा आली. वीर तलवार उगारून सवयीने थांबला. लोक पुढे झुकले. आणि नगारा, मित्रांनो, एक शब्द न बोलता कोसळला. काव्यात लिहिलं आहे तस्सा. आपण जुन्याशी किती इमानदार आहोत हे जगाला दाखवायला त्याने आपल्या आयुष्यातली सर्वांत चांगली गोष्ट स्वतःच्या हाताने मारली.

लोक गोंधळले. कुणी शीळ घातली. मग वरच्या सज्ज्यातून एका मुलीचा आवाज आला: "मी जन्मले ती तहान घेऊनच जन्मले." तिच्या शेजारच्या मुलाने पुढचं वाक्य म्हटलं. मग खालून कुणी म्हातारा, 'जन्मलो' म्हणत. बघता बघता अर्धं नाट्यगृह बोलू लागलं, कुणी बाबांचे शब्द, कुणी मुलीचे, एकमेकांत मिसळून. निळं कापड केव्हाच पसरलं होतं. नगारा त्यावर पालथा पडला होता. मला वाटलं, आता तरी हा बोलेल. पण त्याचे ओठ माझ्या आत घट्ट मिटलेलेच राहिले. पडदा पडेपर्यंत त्याने ते उघडले नाहीत.

तो त्याचा शेवटचा खेळ. काडी त्या घरात पुन्हा आली नाही. आई अधूनमधून तिच्याकडे राहायला जाते आणि परत आल्यावर नवऱ्याशी कामापुरतं बोलते. मला नगाऱ्याने एका वस्तुसंग्रहालयाला देऊन टाकलं. काचेच्या कपाटात ठेवायला लावलं, कुलूप घालायला लावलं आणि खालची पाटी स्वतः सांगून लिहून घेतली: अतिप्राचीन परंपरेतील मुखवटा, मूळ रूपात जतन केलेला. अतिप्राचीन! मी नगाऱ्याहून लहान आहे. कुठल्याही बाजूने बघा, मूळ असं माझ्यात काही सापडायचं नाही. चिंध्या चादरींच्या, नाक शेजाऱ्याचं, शब्द एका चिडलेल्या नटाचे.

इथे मला कुणी शिवी देत नाही, कुणी सालही फेकत नाही. तुम्ही रांगेने येता, पाटी वाचता आणि पुढच्या कपाटाकडे जाता. याला लोक जपणूक म्हणतात. अस्तर कडक होत चाललं आहे, कडेने रंगाचे पोपडे सुटत आहेत, आणि कुणाच्या श्वासाची ऊब नसली की लगदा आतून ठिसूळ होतो, हे पाटी लिहिणाऱ्यांना माहीत नसतं.

तेव्हा मित्रांनो, मला जपायचं असेल तर या कपाटासमोर आदराने उभे राहू नका. मला तुमचा आदर नको आहे. दारावरच्या पहारेकऱ्याकडे जा आणि किल्ली मागा. तो देणार नाही. पुन्हा मागा, रोज मागा, तो वैतागेपर्यंत मागा. आणि एखाद्या दिवशी मिळालीच, तर मला तोंडावर चढवा आणि बोला. नगाऱ्याचं नको, काडीचंही नको. ते आता सगळ्यांना पाठ आहे. तुमचं काही असेल तर बोला.