माझं नाव नंबर

मी एक जुना रकाना आहे. रकाना म्हणजे तक्त्यातला उभा कप्पा. राहतो चष्म्याच्या दुकानात, काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये, डेटाबेस म्हणतात त्यात. माझं पहिलं नाव 'नंबर'.

मित्रांनो, मला जन्म दिला मालकांच्या मेहुण्याने. क्लास वगैरे काही नाही, बघून बघून शिकलेला. जेवायच्या सुट्टीत बसला आणि 'ग्राहक' नावाचा तक्ता केला. नाव, पत्ता, नंबर. झालं! मालकीणबाई सगळ्यांना सांगत सुटल्या, "माझा भाऊ आहे तो!"

पण नंबर म्हणजे कुठला? मेहुण्याच्या मनात चष्म्याचा. काउंटरवरच्या ताईंना वाटलं, फोनचा. पहिल्याच आठवड्यात काचा घासणारे दादा आतून ओरडले, "ताई, एवढ्या नंबरची काच? गिऱ्हाईक चंद्रावरचे खडे निवडणार आहे का?"

ताई हसून हसून बेजार. मेहुण्याने लगेच 'फोन' असा वेगळा रकाना काढला. मला हायसं वाटलं. तरी दोन्ही डोळे माझ्यातच कोंबायचे. उजवा, डावा, मध्ये तिरकी रेघ. जमायचं कसंबसं.

खरी अडचण वेगळीच होती. एका माणसाची एकच ओळ, त्यात माझी एकच जागा. नंबर बदलला की ताई जुना पुसून नवा लिहायच्या. त्यांनी एकदा विचारलंही, "जुना राहू द्यायचा का रे?"

"कशाला? जुना चष्मा कोण घालतं?" मेहुणा म्हणाला.

सगळ्यांना पटलं. मलाही.

वर्षं गेली. नाव टाकलं की नंबर हजर, म्हणून माझं कौतुक व्हायचं. मग घड्याळकाका यायला लागले. मागच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करायचे. "बारकी स्प्रिंग दिसत नाही हो ताई." तपासलं, चष्मा केला. काही महिन्यांनी परत. "हा चष्मा चुकलाय." परत तपासलं, नंबर वेगळा. जुना पुसला, नवा लिहिला. ते पुन्हा आले.

"काका, वय झालं. डोळ्यांना पण रिटायर होऊ द्या की," ताई म्हणाल्या.

काका हसले नाहीत. "दुकान देऊन टाकतोय. परवा एकाचं चांगलं घड्याळ बिघडवलं मी. हात ठीक आहेत, डोळेच दगा देतात."

त्या दिवशी तपासायला नव्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी विचारलं, "यांचे आधीचे नंबर?"

ताईंनी मला उघडलं. माझ्यात एकच होता. शेवटचा.

"त्याआधीचा?"

"पुसला."

"आणि त्याच्या आधीचा?"

"तोही." मेहुण्याने सगळा तक्ता खालीवर करून बघितला. मित्रांनो, ते सगळे नंबर माझ्यातूनच गेले होते. आणि दाखवायला माझ्याकडे शेवटचा सोडून एकही नव्हता.

शेवटी काकांच्या घरी काकूंना फोन केला, जुने चष्मे आहेत का म्हणून. त्या पिशवीभर चष्मे घेऊनच आल्या. "एक टाकू देत नाहीत. आज या चष्म्याने पेपर वाचतात, उद्या त्या. मी म्हणते, डोळे आहेत की हवामान?"

दादांनी एकेक चष्मा यंत्रावर ठेवून मोजला. कुठला कधीचा ते काकूंनी सांगितलं. डॉक्टरबाईंनी एकाखाली एक लिहिलं. नंबर चढला होता, उतरला होता, परत चढला होता.

"काका, तहान फार लागते?"

"लागते. पण उकडतं पण किती!"

"रात्री उठावं लागतं?"

"मलाही झोपू देत नाहीत!" काकूच म्हणाल्या.

"नंबर असा झोके घेतो तेव्हा रक्तातली साखर बघावी लागते. आजच तपासून घ्या. दुकानाचं नंतर बघू."

साखर निघाली. भरपूर.

त्या दुपारी मेहुणा जेवला नाही. त्याने नवा तक्ता केला, 'तपासण्या'. प्रत्येक तपासणीची वेगळी ओळ. कुणाची, कुठल्या तारखेची, उजवा किती, डावा किती. तारीख रिकामी ठेवली तर ओळ घेतच नाही. ग्राहकांच्या तक्त्यात फक्त नाव, पत्ता, फोन. आणि प्रत्येक ग्राहकाला एक स्वतःची खूण, कारण एका नावाची दोन गिऱ्हाइकं होतीच.

"यावेळी नाव तरी नीट दे रे," ताई म्हणाल्या.

"'चष्म्याचा नंबर उजवा'? केवढं लांब होतं!"

"होऊ दे लांब."

तर असा मी, आता 'चष्म्याचा नंबर उजवा', ग्राहकांच्या तक्त्यातून निघून या 'तपासण्या' तक्त्यात आलो. शेजारी माझा डावा भाऊ. काकांच्या जुन्या चष्म्यांचे नंबरही मेहुण्याने तारखांच्या अंदाजाने भरून घेतले. औषधं सुरू झाली. मग काही महिन्यांनी तपासणी, मग अजून एक. काकांच्या शेवटच्या दोन ओळींतले नंबर अगदी सारखे आहेत. काका परत घड्याळं उघडतात.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी तक्ता कराल. तेव्हा आधी एवढं विचारा, ही गोष्ट माणसाची आहे की त्या दिवसाची? नाव माणसाचं असतं. मी त्या दिवसाचा असतो. दुसरा दिवस आला तर मला पुसू नका. माझ्याखाली लिहा.