मागचा पुसट माणूस

जुन्नरच्या पेठेत अन्सार अत्तारचं चष्म्याचं दुकान होतं आणि कॅमेरा हा त्याचा छंद होता. दुकान बंद असेल त्या दिवशी तो मोटारसायकल काढायचा. कधी आहुप्याच्या देवराईत, कधी मंचरच्या बाजारात दिवस घालवायचा आणि घरी आल्यावर दोन-तीन फोटो फेसबुकवर टाकायचा. खाली चार ओळी लिहायच्या, सावलीबद्दल, रंगाबद्दल, चौकटीत काय घ्यावं आणि काय गाळावं याबद्दल. गावाचं नाव मात्र तो कधी लिहीत नसे. नाव वाचलं की लोक फोटो बघायचं सोडतात आणि आपल्या मामाचं गाव काढून बसतात, असं त्याचं म्हणणं. वाचणारे तसे मोजकेच होते. त्याची बायको जहाँआरा तर फोटो बघायची, ओळी सोडून द्यायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्याने कांद्याच्या ढिगाचा एक फोटो टाकला. पत्र्याच्या फटीतून उतरलेला उजेड, हवेत उडणारी टरफलं आणि मागे अंधारात गोणी शिवत बसलेला कोणी एक माणूस. खाली त्याने लिहिलं, ‘कांद्याचा लाल हा एक रंग नव्हे. उजेडाकडे तो गुलाबी असतो, ढिगाच्या पोटात जांभळा. मागचा माणूस मी मुद्दाम पुसट ठेवला. तो स्पष्ट आला असता तर कांदे कोणी बघितले नसते.’

दुसऱ्या दिवशी एका बाईचा मेसेज आला. मागचा माणूस मोठा करून मिळेल का, आणि हा बाजार कुठला? अन्सारने उत्तर दिलं नाही, म्हणून ती दुकानातच आली. साधना तिचं नाव, पिंपळवंडीला दिलेली. तिने मोबाईल काउंटरवर ठेवला.

“हा माझा दादा हाय. जानकू.”

“चेहरा तर दिसत नाही यात.”

“डाव्या हातानं शिवतोय, बघा. आन मान अशी टाकून बसायची खोड त्याचीच.”

मग तिने काय झालं होतं ते सांगितलं, अगदी थोडक्यात. जानकूला एका विधवा बाईशी लग्न करायचं होतं. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, त्याला सगळ्या गावादेखत घराबाहेर काढलं. साधना तेव्हा शाळेत होती. त्यानंतर त्याचा फोन नाही, निरोप नाही.

“कुठला बाजार हाय, भाऊ?”

“आठवावं लागेल,” अन्सार म्हणाला. “बऱ्याच बाजारांत फिरतो मी.”

हे खोटं होतं. का बोललो, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. जो माणूस घरापासून तासाभराच्या रस्त्यावर राहून इतकी वर्षं घरी जात नाही, त्याला आधी विचारावं, एवढंच त्याच्या मनात आलं.

पुढच्या सुट्टीला तो मंचरला गेला. हायवेवर ट्रकांची रांग लागली होती. बाजारात तोच गाळा, तोच पत्रा, आणि जानकू त्याच जागी दाभण घेऊन बसलेला. अन्सारने त्याला फोटो दाखवला. जानकूने तो हातात धरून पाहिला.

“कांदं झ्याक आल्यात,” तो म्हणाला.

“तुमच्या बहिणीने ओळखलं तुम्हाला यात.”

दाभण थांबलं. “साधीनं?”

“भेटायचं म्हणतात. मी ठिकाण सांगितलेलं नाही.”

“सांगू पण नका, पावणं. आण्णा चार माणसं घिऊन येतील. माझं बरं चाललंय हितं. बायको हाय, पोरगी शाळंत जाती. मी खुशाल हाय म्हणावं, बास.”

“नुसतं सांगून त्यांना पटायचं नाही. एक फोटो काढू?”

जानकूने तोंड धुतलं आणि खिळ्याला अडकवलेला शर्ट चढवला. एरवी अन्सारने मागे ट्रक घेतला असता, तराजू घेतला असता. आज त्यातलं काहीच चालणार नव्हतं. गाळ्यावर पाटी होती, गोण्यांवर छाप होता, गाड्यांवर नंबर होते. शेवटी त्याने जानकूला गाळ्यामागच्या चुन्याच्या भिंतीसमोर उभं केलं. भर दुपारचा सपाट उजेड होता. त्याच्या स्वतःच्या हिशेबाने फोटो सामान्यच झाला.

साधनाने दुकानात बसून तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. “क्यास पिकलं की,” ती म्हणाली. मग शर्टावर बोट नेलं. “पण इस्त्री हाय. कोणतरी करतंय त्याचं.” कुठे भेटला, हे तिने विचारलं. अन्सारने नकारार्थी मान हलवली, आण्णा माणसं घेऊन येतील अशी जानकूला भीती आहे म्हणाला, तेव्हा तिने पुन्हा विचारलं नाही.

“त्याला नको असंल तर ऱ्हाऊ द्या. पण एवढं सांगा, आण्णा गेलं. आता त्याला अडवणारं कोण न्हाई.”

अन्सार परत मंचरला गेला. त्याने निरोप जसाच्या तसा सांगितला. जानकूने हातातल्या गोणीचं तोंड पुरतं शिवलं, सुतळी तोडली, मग विचारलं, “कशानं गेलं?”

“ते मी विचारलं नाही.”

“तिचा नंबर हाय?”

अन्सारने आपल्या मोबाईलवरून फोन लावून दिला आणि हायवेवर चहा प्यायला गेला. तो परतला तेव्हा जानकू मोबाईल धोतराच्या फडक्याने पुसत होता.

“रडत व्हती,” तो म्हणाला. “जातो म्हनलं तिच्याकडं. गावात मातर पाय ठेवायचा न्हाई मी.”

मे महिन्यात तो बायको-पोरीला घेऊन पिंपळवंडीला एक दिवस राहून आला. गावात गेला नाही. साधनाने त्या दिवशीचा फोटो अन्सारला पाठवला. फोटो तिरपा होता, कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा आलेला, एका पोरीचं डोकं अर्धं कापलेलं. जेवणाच्या ताटांवर सगळे एकदम बोलत होते. सुधारण्यासारखं त्यात बरंच होतं. अन्सारने ‘मिळाला’ एवढंच लिहिलं आणि मोबाईल जहाँआराकडे दिला.

तिने तो बराच वेळ पाहिला. “यातला तो गोणीवाला कोणता?”

अन्सारने बोट ठेवून दाखवला.