भाच्याचा दाखला

भीमरत्न गोलात उभा राहिला, तर भावकूच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. एक, बोरीहाळचा क्लब सीमाभाग ग्रामीण फुटबॉल लीगच्या अ गटात टिकणार होता. दोन, क्लबच्या सेक्रेटरीची जी खुर्ची त्यानं एकोणीस वर्षं गरम ठेवली होती, ती पुढची तीन वर्षंही त्याच्याच बुडाखाली राहणार होती. आणि तीन, दर रविवारी मैदानाच्या कडेला बसून ‘आता नवं रक्त पायजे’ म्हणणारा गुंडू निदान दिवाळीपर्यंत गप्प बसणार होता. तिसरी गोष्ट त्याला पहिल्या दोन्हींपेक्षा जवळची होती, पण ती तो कुणाला बोलून दाखवत नव्हता. आणि या सगळ्याच्या बदल्यात द्यायचं काय, तर एक कागद.

झालं होतं असं की, क्लबचा गोलकीपर साईराज पोलीस भरतीत लागला आणि ट्रेनिंगला निघून गेला. शेवटची मॅच कुसनट्टीशी. बरोबरीचा एक पॉइंट मिळाला तरी बोरीहाळ अ गटात राहत होतं, हरलं तर खाली. भीमरत्न मच्छेच्या एका कारखान्यात कामाला होता आणि कारखान्याच्या टीमचा गोल सांभाळायचा. भावकूनं त्याला तिथंच हेरलं होतं.

लीगचा नियम साधा होता. खेळाडू गावचा असावा, नाहीतर गावचा भाचा असावा. पण मागं एका क्लबानं गोव्याहून तीन पट्टीचे खेळाडू आणून तिघंही एकाच बाईची पोरं म्हणून उतरवले. तिघांची आडनावं वेगळी, आणि मराठी एकालाही येत नव्हती. तेव्हापासून दाखला लागायला लागला. अमक्याची आई आमच्या गावची लेक आहे, असं सेक्रेटरीनं लिहून शिक्का मारायचा आणि खाली त्या आईनं सही करायची.

इथं तर खोटंही लिहायचं नव्हतं. भीमरत्नची आई सुनयना बोरीहाळच्या खालच्या गल्लीतली, सिद्रामची थोरली. सिद्राम हयात होता तोवर मैदानावरच्या चुन्याच्या रेषा तोच आखायचा. सुनयना शिकली, बेळगावात कोर्टाच्या रेकॉर्ड विभागात लागली, टिळकवाडीत फ्लॅट घेतला. भावकू दुपारच्या सुट्टीत तिला कोर्टात गाठायला गेला.

तिनं डबा बंद केला, चष्मा लावला आणि चार ओळींचा कागद दोनदा वाचला.

“‘बोरीहाळ गावची लेक.’ हे तुम्हीच लिहिलंय?”

“व्हय मॅडम, माझंच अक्षर.”

“यात्रेची यादी बी तुमच्याच अक्षरात असती न्हवं?”

भावकूनं घाईघाईनं पोराच्या उडीचं कौतुक सुरू केलं. तिनं ते ऐकून घेतलं, सही केली आणि शिक्का मारलेली एक प्रत मागून घेतली. शिक्का भावकूच्या खिशात कायमच असे. त्यानं तो खुशीत दोनदा मारला.

यादीचं प्रकरण असं. लक्ष्मीची यात्रा अकरा वर्षांनी येत्या वैशाखात होती. यात्रेआधी गावच्या सगळ्या लेकींची यादी पुस्तिकेत छापायची, घरी जाऊन हळदीकुंकू लावून आमंत्रण द्यायचं, यात्रेत साडी देऊन ओटी भरायची आणि मानाच्या पंगतीला बसवायचं. यादीत खालच्या गल्लीतल्या लेकी नसत. कुणी त्यांची नावं काढली नव्हती. मुळात घातलीच नव्हती. यात्रेची वर्गणी मात्र घरटी होती, आणि घरं मोजताना खालची गल्ली कुणी विसरत नसे.

मॅच शून्य-शून्य सुटली. भीमरत्ननं दोन गोल हातानं अडवले आणि एक तोंडानं. सुजल्या ओठानं तो भावकूजवळ आला आणि म्हणाला, “मामा, बर्फ हाय का?” हे मामा म्हणणं भावकूला जरा नवं होतं. पण पलीकडं गुंडू मान खाली घालून गाडीला किक मारत होता, त्यामुळं सगळंच गोड लागलं.

चौथ्या दिवशी कुसनट्टीचा सेक्रेटरी परशराम यानं लीगच्या कमिटीकडं हरकत घेतली. परशरामची बायको बोरीहाळची. तिला यात्रेचं आमंत्रण आणि पुस्तिका नुकतीच मिळाली होती. आणून देणारा खुद्द भावकूच. परशरामनं ती पुस्तिका कमिटीपुढं टेबलावर ठेवली.

“ह्यात दोनशे अकरा लेकी हायत. माझी बायको सत्तेचाळीस नंबरला हाय. ही सुनयना कितव्या नंबरला हाय, तेवढं भावकूअण्णानं बोट ठेवून दाखवावं.”

भावकूचं बोट खिशातल्या शिक्क्यावरून हललं नाही. कमिटीनं आठ दिवस दिले. ती गावची लेक असेल तर यादी दुरुस्त करून आणा, नसेल तर दाखला खोटा आणि मॅच कुसनट्टीची.

भावकू टिळकवाडीला गेला. पुरवणी छापतो, दोनशे बारावा नंबर तुमचा, असं त्यानं सुनयनाला सांगितलं. तिनं चहा दिला आणि नको म्हटलं.

“माझं एकटीचं घातलं तर फुटबॉलसाठी घातलं म्हणतील. आणि ते खरंच असंल. खालच्या गल्लीतल्या सगळ्या लेकी घाला. चौतीस हायत, मी मोजल्यात.”

“गावाला काय सांगू मी?”

“तुमचा दाखला दाखवा. सिद्रामची लेक गावची, तर त्याच्या शेजाऱ्याची लेक कुठली? आमच्या बाबानं अठ्ठावीस वर्षं तुमच्या मैदानावर रेषा आखल्या. आत कोण, भाईर कोण, ते त्या रेषेवरच ठरवत आलासा की.”

यात्रा कमिटीची बैठक तीन तास चालली. एक म्हातारा म्हणाला, जाऊ दे क्लब ब गटात. भावकूला ते अर्धं पटलंही होतं. पण दाखला खोटा ठरला की खुर्चीही जाणार, हे त्यानं बसल्या जागी ताडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चौतीस बायकांची बाजू घेऊन भांडला. शेवटी कमिटीनं तोंड वाकडं करून मान्य केलं, एका अटीवर. ज्यानं हे ओढवून आणलं, त्यानंच आमंत्रणं पोचवायची. पुरवणी छापून झाली आणि लीगनं परशरामची हरकत फेटाळली.

हळदीकुंकू लावायला बाईमाणूस हवं म्हणून भावकूची बायको मालुबाई गाडीवर मागं बसली. निपाणीपासून मच्छेपर्यंत चौतीस दारं झाली. कुठं नर्स, कुठं शिक्षिका, कुठं तंबाखूच्या वखारीत जन्म गेलेली म्हातारी. “लग्नाला तीस वर्षं झाली, कधी फिरवलं न्हाईसा,” मालुबाई म्हणाली. “एका पॉइंटानं फिरवलं.”

सुनयनाचं दार शेवटचं. तिनं आमंत्रण घेतलं, कुंकू नको म्हणाली, साडीही नको म्हणाली.

“लक्ष्मीशी माझं काय न्हाय, अण्णा. गावाशी हाय. पंगतीला येते.”

“या आक्का,” भावकू म्हणाला.

वैशाखात चौतीसपैकी एकोणतीस आल्या आणि मानाच्या पंगतीत जेवल्या. वरच्या आळीतल्या सहा घरांनी त्या दिवशी पोट बिघडल्याचं सांगितलं. जूनमध्ये क्लबची वार्षिक सभा झाली. त्या सहा घरांची मतं गुंडूला पडली आणि गुंडू पाच मतांनी सेक्रेटरी झाला.

आता जमाखर्च बघायचा तर असा. क्लब अ गटात राहिला, त्यानं काही दिलं नाही. गुंडूला खुर्ची मिळाली, त्यानंही काही दिलं नाही. परशरामला मॅच मिळाली नाही, पण त्याचं गेलं ते पेट्रोल. भीमरत्नचा एक दात हलतो. सुनयनाची एक किरकोळ रजा पडली. खालच्या गल्लीची वर्गणी आधीच भरलेली होती, गेल्या कित्येक यात्रांची. उरलेलं सगळं भावकूनं भरलं, आणि शिक्काही परत केला.